सहा पायांचे पाहुणे

आमच्या साडूंइतका पाहुणचार करणारा माणूस अख्ख्या नागपुरात झाला नाही आणि पुढे होईल असं मला वाटत नाही. फक्त पाहुण्याला सहा पाय असावे लागत. दोन पायांवर चालत येणाऱ्याला त्यांच्या घरी चहा मिळे, तोही ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, आतून आठवणीनं पाठवला तर. साडू स्वतः खुर्चीतून हलायचे नाहीत. पण पाहुणा सहापायी असला की जातीनं उठून त्याची बडदास्त ठेवायचे. त्याला कोणता पाला आवडतो, कोवळा लागतो की जून, ऊन किती सोसतं, जागा बदलली तर तो जेवण सोडतो का, ही चौकशी ते इतक्या आस्थेनं करीत, की लग्नात वरमाईलासुद्धा एवढा मान मिळत नसेल. मला तर नाहीच मिळाला, आणि मी ताईंच्या माहेरचा धाकटा जावई होतो.

लग्नानंतर आम्ही जोडीनं त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हाची गोष्ट. मी सासऱ्यांनी दिलेला नवा कोट घालून, केसांना तेल लावून खुर्चीत बसलो होतो. ताईंनी कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळायला घेतल्या होत्या आणि तो वास ओसरीपर्यंत येत होता. साडू समोर बसून माझ्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, नवा साडभाऊ कसा आहे ते पारखत असतील. म्हणून मी शाळेतल्या माझ्या नोकरीबद्दल, गणितातल्या गतीबद्दल दोन शब्द बोललो. ते एकदम ओरडले, "हलू नका मास्तर! अजिबात हलू नका!" माझ्या खांद्यावर बोटभर लांबीचा, हिरवागार, पुढचे पाय जोडून बसलेला एक किडा आला होता. साडू आत जाऊन कॅमेरा घेऊन आले आणि माझ्या खांद्याशी डोळा लावून बसले. बसले ते बसलेच. आत वड्या तळून झाल्या, गार झाल्या, माझा खांदा बधिर झाला, आणि ह्या गृहस्थांनी कॅमेऱ्याचा खटका काही दाबला नाही. शेवटी किडा कंटाळून उडाला. "का हो, काढला नाही?" मी विचारलं. "त्याचं तोंड तिकडं होतं," ते म्हणाले, "अन् तुमच्या कोटाचा रंग त्याले पसंत पडला नाही. दुसऱ्या वेळी पांढरं घालून या." घरी परतताना माझी बायको मला समजावत होती, की एवढा वेळ ते एखाद्याजवळ बसले म्हणजे तुम्ही त्यांना नक्की आवडलात.

घर त्यांचं सक्करदऱ्याच्या पुढे होतं. तेव्हा तिकडे वस्ती विरळ होती आणि किड्यांची वस्ती दाट होती, म्हणूनच त्यांनी ते घेतलं असणार. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे अंगण. दोन खोल्यांपैकी चांगली, हवेशीर खोली किड्यांची. एप्रिल-मे महिन्यात नागपूरचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको. तर त्या दिवसांत घरातली एकुलती एक खसची ताटी लागायची ती त्या खोलीच्या खिडकीला, आणि त्या ताटीवर दर घटकेला पाणी मारायचं काम ताईंचं. साडू आणि ताई दुसऱ्या खोलीत पुठ्ठ्यानं वारा घेत बसत. लोणच्याच्या बरण्या, मुरंब्याच्या बरण्या, बिस्किटांचे डबे, दिव्याच्या काचा, जे म्हणून पोकळ असेल त्यात कोणी ना कोणी राहत असे. त्यावर झाकायला चाळण्या. मैद्याची, रव्याची, गव्हाची, सगळ्या चाळण्या त्या खोलीत गेल्यामुळे पीठ चाळायचं झालं की ताई शेजारणीकडे जायच्या. शेजारीण भली होती, पण एकदा चाळणी परत आली ती आतल्या माणसासकट आली, तेव्हापासून तिनं "आमची फाटली" असं सांगायला सुरुवात केली.

आणि गोडलिंब! अंगणात गोडलिंबाची चांगली पुरुषभर उंच झाडं होती, कुंड्यांतूनही लावलेली होती. पण त्या घरच्या कढीत, पोह्यात, चिवड्यात कधी गोडलिंबाचं पान दिसलं असेल तर शपथ. ते सगळं अळ्यांचं. लिंबा-संत्र्याच्या झाडावर एक काळं-पिवळं फुलपाखरू अंडी घालतं, त्याच्या अळ्या गोडलिंबही आवडीनं खातात. लहानपणी ती अळी पाखराच्या शिटेसारखी दिसते आणि मोठेपणी पोपटी, गुबगुबीत होते. डिवचली की डोक्यातून दोन तांबडी शिंगं बाहेर काढते आणि असा काही वास सोडते, की समोरचा उठून जातो. साडू पाहुण्यांना हे कौतुकानं दाखवत. "पाहा, पाहा, रागावली!" असं म्हणताना त्यांचा चेहरा पहिलटकरणीच्या नवऱ्यासारखा व्हायचा. माझ्या सासूबाईंनी मात्र एकदा हे पाहिल्यावर पुन्हा त्या घरी मुक्काम केला नाही.

एका सरकारी कचेरीत ते धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढत. केसासारखी बारीक रेघ, एका दमात, न थरथरता. त्यांच्या कचेरीत असा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्यामुळे साहेब लोक त्यांचं पुष्कळ काही सोसत. तरी सोसण्याला मर्यादा असते. ज्या अळ्या कात टाकायच्या बेतात असत त्यांना घरी सोडून जायचा साडूंना धीर होत नसे, म्हणून ते त्यांना जेवणाच्या डब्यात घालून कचेरीत नेत. खालच्या पुडात पोळ्या, मधल्या पुडात भाजी, वरच्या पुडात पाहुणे. एके दिवशी मोठ्या साहेबांनी मोठ्या प्रेमानं "आज वहिनींनी काय दिलंय बघू" म्हणत वरचं पूड उघडलं. साहेब किंचाळले ते पार शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. साडूंना त्या प्रकारात एकाच गोष्टीचं वाईट वाटलं. "साहेबाच्या ओरडण्यानं घाबरली ना बिचारी," ते मला सांगत होते, "दोन दिवस जेवली नाही."

त्यांच्या घरच्यांची तऱ्हा आणखी वेगळी. मूळ घर काटोलकडलं, संत्र्याचा बगीचा, थोरला भाऊ तो बघायचा. आता विचार करा, संत्रेवाल्याचा सगळ्यांत मोठा वैरी कोण, तर हीच अळी. नवी पालवी फुटली की फस्त. आणि ह्या घरचा पोरगा तीच अळी शहरात नेऊन हातानं खाऊ घालतो! भाऊ नागपूरला आले की ओसरीतच बसत, आत जात नसत. "मी तिकडं औषध मारून राहिलो," ते आल्यागेल्याला सांगत, "अन् आमचा बारका इथं पोसून राहिला. याले लहानपणी देवीची लस दिली होती, तवाच काही गडबड झाली." साडू हसत. रविवारी एसटीच्या टपावर सायकल टाकून जात, बगीच्यात फिरत आणि औषध मारायच्या आधी जेवढ्या सापडतील तेवढ्या अळ्या डब्यात भरून आणत. एकदा परतीच्या वाटेवर संत्र्याची अख्खी फांदी सायकलला उभी बांधून आणताना त्यांना मी पाहिलं; पुढून सायकल दिसतच नव्हती, झाडच चालत आल्यासारखं वाटत होतं.

हा सगळा खटाटोप फोटोसाठी. कॅमेरा रशियन बनावटीचा, जुना, वजनाला चांगला पाटा-वरवंटा. किडा जवळून घ्यायचा तर भिंग कॅमेऱ्यापासून दूर न्यावं लागतं. त्यासाठी हिंगण्याच्या एका कारखान्यात लेथवर बसणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून त्यांनी पितळेच्या कड्या करून घेतल्या होत्या. भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये ह्या कड्या बसवल्या, की मुंगीच्या मिशासुद्धा दोरीएवढ्या दिसायच्या. मात्र वीतभराच्या पलीकडलं त्या कॅमेऱ्याला काही दिसत नसे, नुसतं धुकं. साडूंचंही तसंच होतं, असं आम्ही घरची मंडळी म्हणत असू. वीतभराच्या आतलं त्यांना इतकं दिसायचं की देवालाही दिसत नसेल, आणि पलीकडे बायको उभी आहे, मेव्हणी आली आहे, चहा गार झाला आहे, हे सगळं धुक्यात.

कामाची त्यांची एक रीत होती आणि त्या रीतीत तडजोड नव्हती. बर्डीवरचे एक हौशी फोटोग्राफर किड्याला फ्रिजमध्ये ठेवून गारठवत आणि मग निवांत फोटो काढत. साडूंना ही गोष्ट कळली तेव्हा ते त्या गृहस्थांशी बोलायचेच बंद झाले. "गारठलेला किडा म्हणजे काय गा? बेशुद्ध माणसाचा फोटो!" त्यांचं म्हणणं, किडा घरी पाळावा, त्याच्याजवळ रोज बसावं, कॅमेरा न घेता बसावं, मग नुसता कॅमेरा घेऊन बसावं. "किड्याले आपली सवय होऊ द्या लागते मास्तर. एकदा सवय झाली की तो आपलं काम करते अन् आपण आपलं." रोल महाग, शिवाय मिळायची मारामार, त्यामुळे खटका दाबायची घाई त्यांनी कधी केली नाही. महिनाभर अळीशेजारी बसून एक फोटो काढला तरी ते खुशीत असत.

माणसांचे फोटो काढायला त्यांना बोलावू नये हे आम्ही अनुभवातून शिकलो. आमच्या मुलाच्या बारशाला ते कॅमेरा घेऊन आले म्हणून मी दुसरा फोटोग्राफर सांगितला नाही. रोल धुऊन आला. त्यात पाळण्याची दोरी होती, त्या दोरीवरून साखरेचा दाणा ओढत निघालेली एक मुंगी होती आणि त्या मुंगीच्या पाठीवरची लकाकी अशी काही उतरली होती की बघत राहावं. मुलगा नव्हता. "याच्या खालीच आहे तुमचा मुलगा," साडू बोट ठेवून म्हणाले, "इथं, या धुकटात." माझी बायको आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. तेव्हा ताईंनी तिला जे सांगितलं ते आमच्या घरी अजून सांगितलं जातं. ताई म्हणाल्या, "तू काहून रडून राहिली वं? माह्या लग्नाचा एकच फोटो होता, तो वाळवीनं खाल्ला. अन् यायनं काय केलं? वाळवीचा फोटो काढला!"

खरोखरच काढला होता. ओसरीच्या भिंतीवर तो लावलेला होता. एका कोपऱ्यात मुंडावळ्यांचं टोक तेवढं शिल्लक आणि बाकी वाळवीचं राज्य. त्या घरात चारी भिंतींवर किडे होते: चतुर, भुंगे, मातीचं घर बांधणारी कुंभारीण, काजवे. ताईंचा फोटो एकही नव्हता. त्याबद्दल त्या कधी कुरकुरल्या नाहीत. मूलबाळ नव्हतं, त्याबद्दलही दोघं कधी बोलले नाहीत. ताई बोलत त्या चाळण्यांबद्दल.

आता परातीचं सांगतो. बारीक वस्तूचा फोटो काढायचा तर उजेड लागतो, आणि अंगणातलं ऊन कुंडीवर नेमकं पाहिजे तसं कधी पडत नाही. म्हणून साडूंनी ताईंच्या माहेरची पितळेची परात कामाला लावली. ऊन परातीवर घ्यायचं आणि तिथून अळीवर टाकायचं. परात धरायला माणूस पाहिजे, तो माणूस म्हणजे ताई. पण ताईंना किड्यांची भयंकर किळस. चाळणीत अळी दिसली तरी त्यांच्या अंगावर काटा येई. त्यांनी एकदाच काय ते ठरवून टाकलं: "परात धरीन, पण पाहीन नाही." आणि वर्षानुवर्षं त्यांनी हा करार पाळला. तोंड भिंतीकडे, डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हातांत परात. साडू नुसतं म्हणत, "जरा खाली. डावीकडं. बस्स." ताई डोळे मिटून उजेडाचा तो कवडसा अळीच्या डोक्यावर असा ठेवत की जरासुद्धा हलत नसे. हात भरून येत, पदर खांद्यावरून सरके, पण परात ढळत नसे. मी एकदा गमतीनं म्हटलं, "ताई, तुम्ही जे उजळवता ते कधी बघत का नाही?" त्या म्हणाल्या, "भाऊजी, पोळ्या लाटता लाटता मी तुमच्याशी बोलतोच ना, पोळीकडं कुठं पाहतो? तसंच."

साडूंना आयुष्यात एकच फोटो पाहिजे होता. बाकीचे सगळे त्या फोटोची तयारी म्हणून काढलेले. अळीचा कोश होतो, कंबरेला बारीक धागा बांधून तो काडीला टेकून बसतो, आणि मग एके सकाळी तो डोक्याकडून उकलतो आणि फुलपाखरू पाय काढून बाहेर येतं. हे बाहेर येणं पापणी लवायच्या आत झाल्यासारखं होतं. ती घटका त्यांना पकडायची होती, आणि ती दरवर्षी त्यांच्या हातून निसटायची. एका वर्षी नेमका ढग आला. एका वर्षी दूधवाल्यानं फाटकाची कडी वाजवली. एका वर्षी सगळं जमलं आणि साडूंनाच शिंक आली. ती शिंक आपण कशी गिळायला पाहिजे होती याचं ते पुढचे कित्येक महिने वर्णन करत होते. मान पुढे काढून, नाक धरून प्रात्यक्षिक दाखवत. रडत कधी नसत. "पुढच्या वर्षी," एवढं म्हणून नव्या अळीला कोवळा पाला घालायला उठत.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. डाव्यात आधीच होता, आता उजव्यातही. कचेरीत रेघ दुहेरी दिसायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, दिवाळीनंतर ऑपरेशन करू, मग जाड भिंगाचा चष्मा. त्या काळी ऑपरेशन म्हणजे सोपी गोष्ट नव्हती, आणि तो बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावून कॅमेऱ्याच्या इवल्याशा काचेत काय दिसणार, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्या वर्षी ते पहिल्यांदा "पुढच्या वर्षी" म्हणाले नाहीत. ओसरीत बसून माझ्याशी बोलता बोलता म्हणाले, "मास्तर, या वेळी झालं तं झालं. नाही तं मग राहिलंच." मला वाईट वाटलं. त्यांच्या त्या किड्यांच्या नादाची मी आयुष्यभर टिंगल केली, पण त्या दिवशी मला मनापासून वाटलं, देवा, एवढं एक जमू दे.

कोश काळपट पडला, आतले पंख बाहेरून दिसायला लागले, की दुसऱ्या दिवशी सकाळी तो उकलणार. शनिवारी संध्याकाळी त्यांचा निरोप आला, की उद्या सकाळी या. माझं काम फाटकावर बसायचं: दूधवाला, पेपरवाला, भाजीवाली, कुत्रं, कुणालाही आत सोडायचं नाही. मी फाटकाची कडी सुतळीनं बांधली, दूधवाल्याला रस्त्यातच गाठून दूध घेतलं आणि चपला काढून हळूच अंगणाच्या दारात येऊन उभा राहिलो. इतक्या वर्षांत मला तरी कुठं हे नीट बघायला मिळालं होतं!

कार्तिकातलं स्वच्छ ऊन पडलं होतं. गोडलिंबाच्या कुंडीपुढे साडू पाटावर बसलेले, कोपरं स्टुलावर टेकलेली, कॅमेरा डोळ्याशी. त्यात रंगीत रोल होता. ह्या दिवसासाठी मुंबईहून मागवून तो वर्षभर जपून ठेवलेला. पलीकडे ताई, हिरवं लुगडं, हातात चिंच लावून घासलेली परात, तोंड भिंतीकडे, डोळे मिटलेले. "थोडं वर," साडू पुटपुटले. "हां. बस्स." कवडसा कोशावर येऊन थांबला.

बराच वेळ कुणी हललं नाही. साडूंनी कॅमेरा खाली घेतला, डोळे पुसले, पुन्हा लावला. पुन्हा पुसले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मग मी जे कधी ऐकलं नव्हतं ते ऐकलं. अगदी हलक्या आवाजात ते म्हणाले, "मले नीट दिसून नाही राहिलं वं. उकललं का ते? तू पाह्य एकदा."

ताईंनी मान वळवली आणि डोळे उघडले.

कोश उकलत होता. डोक्याकडची चीर रुंदावली, त्यातून एक ओला पाय बाहेर आला, मग दुसरा. तो पाय काडी चाचपत होता. मी दारातून बघत होतो. ताई वाकल्या. आणखी वाकल्या. आणि परातीचं भानच राहिलं नाही त्यांना. परात कलली, कोशावरचा कवडसा उडाला आणि सगळा उजेड खालून थेट त्यांच्या तोंडावर आला.

"परात!" साडू ओरडले.

ताईंना ऐकूच गेलं नाही. "अजी," त्या म्हणाल्या, "हे तं आपलं आपणच बाळंत होऊन राहिलं जी. कोणी जवळ नाही, काही नाही. पाहा तरी!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या.

साडूंनी परत ओरडण्यासाठी मान वर केली. तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. ते ताईंकडे बघायला लागले. घरात इतकी वर्षं वावरणारी ही बाई त्यांना जणू आत्ताच कुठल्या तरी पानाखाली सापडली होती. मला वाटलं, आता परात नीट करायला सांगतील. अजून वेळ होता, पंख आतच होते. त्यांनी सांगितलं नाही. कॅमेरा कोशावरून उचलला, ताईंकडे वळवला आणि खटका दाबला. एरवी महिनोन्महिने वाट पाहणाऱ्या माणसानं क्षणभराचाही विचार केला नाही.

पुढचा फोटो घ्यायला रोल सरकवून ते पुन्हा वळले, तोवर फुलपाखरू बाहेर येऊन रिकाम्या कोशाला लटकलं होतं, पंखांच्या ओल्या घड्या हळूहळू उलगडत.

मी कपाळाला हात लावला. "साडभाऊ, हे काय केलंत? इतक्या वर्षांची वाट!"

"उजेड तिकडं होता ना," ते अपराध्यासारखे म्हणाले. मग त्यांची नजर हातातल्या कॅमेऱ्यावर गेली आणि त्यांनी कपाळावर थाप मारली. "अरे! कड्या! कड्या काढल्याच नाही!" कड्या लावलेल्या, म्हणजे वीतभराच्या पलीकडे नुसतं धुकं, आणि ताई तर चांगल्या दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. हातचं फुलपाखरू गेलं आणि बायकोही आली नाही. मला वाटलं, आता हा माणूस खचणार. तर ते हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि ताई "काय झालं जी, माही परात हलली का?" असं विचारत राहिल्या. त्या सकाळी त्यांच्या घरी पोहे झाले, आणि माझ्या ताटात, मी खोटं सांगत नाही, गोडलिंबाचं पान होतं.

रोल मुंबईहून धुऊन आला. फोटोत नाक नाही, डोळे नाहीत, काही नाही. खाली हिरवट पसारा, मध्ये पितळेच्या रंगाचा मोठा गोल उजेड, वर काळं काही तरी आणि त्या उजेडात एक लाल ठिपका, कुंकवाचा. साडूंनी तो मोठा करून घेतला, चौकट केली आणि वाळवीचा फोटो काढून त्या जागी हा लावला. येणारे-जाणारे चष्मे सावरून विचारत, हा कोणता किडा? कुणी म्हणे संत्र्यावरचा भुंगा, कुणी म्हणे फुलपाखराचा डोळा. खुद्द काटोलचे भाऊ पहिल्यांदा ओसरीतून उठून जवळ गेले आणि म्हणाले, "याच्यावर कोणतं औषध मारावं लागते?" साडू खुशीत सगळ्यांचं ऐकून घेत आणि कुणालाच काही सांगत नसत. ताई आतून ऐकून लाजत.

ऑपरेशन झालं, जाड चष्मा आला, कॅमेरा कपाटात गेला. अळ्या मात्र राहिल्या. नंतरची वर्षं साडू आणि ताई दोघं मिळून कोशासमोर बसत, कॅमेऱ्याशिवाय. साडूंना फारसं दिसत नसे, म्हणून ताई बघून सांगत: आता पाय काढला, आता मान काढली, आता पंख झटकले. ताईंच्या सांगण्यात खूप गोष्टी जास्तीच्या असत, पण साडूंनी कधी दुरुस्ती केली नाही.

आता साडू नाहीत. त्यांच्या जाण्यालाही बरीच वर्षं झाली. मध्ये मी ताईंना म्हटलं, "तुमचा एखादा चांगला, स्वच्छ फोटो काढून घेऊ या. स्टुडिओत नेतो तुम्हाला." त्या म्हणाल्या, "आहे नं भिंतीवर."

परवा सकाळी लवकर त्यांच्याकडे गेलो. ओसरीत कुणी नव्हतं. मागच्या अंगणात पाहतो तर ताई गोडलिंबाच्या कुंडीपुढे उभ्या, त्यांनी ती जड परात उन्हात धरली होती आणि कवडसा काळपट झालेल्या कोशावर बरोबर टेकवला होता. समोर साडूंचा पाट रिकामा मांडलेला. मी म्हटलं, "ताई, आता फोटो काढायला कोण आहे? परात कशाला?"

त्यांनी कोशावरची नजर हलवली नाही. "हळू बोला भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्याले सवय आहे."

मी चपला काढल्या आणि फाटकाची कडी बांधायला गेलो.